एक काटा वजनाचा, एक बाभळीचा

गेल्या अंकात सायकलच्या रुंद टायरबद्दल लिहिताना मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की टायर जाड घेतला की आतली ट्यूबपण जड येते आणि तिकडे कोणी ढुंकून बघत नाही. बस, तेवढ्यावरून महिनाभर व्हॉट्सॲप वाजतंय. कोणी ट्यूबचा फोटो पाठवतंय, कोणी बिल पाठवतंय, एकाने तर फाटलेल्या ट्यूबचा व्हिडिओ पाठवलाय, मागे त्याची बायको हसतेय. सगळ्यांना वेगवेगळं लिहिणं काही जमत नाही, म्हणून यावेळी फक्त ट्यूब. निवडक प्रश्न घेतलेत, बाकीच्यांनी आपापलं उत्तर यातच शोधा.

प्रश्न : काका, माझी २९ इंची एमटीबी (माउंटन बाइक) आहे, टायर २.२५ इंच रुंद. सातपूरला कंपनीत आहे, रविवारी गंगापूर धरण नाहीतर अंजनेरीकडे जातो. ग्रुपमधला एकजण म्हणतो ट्यूब बदल, चढावर सायकल उडेल. दुकानात गेलो तर त्याने तीन प्रकार काढून ठेवले, साधी, लाइट, आणि एक प्लास्टिकच्या पिशवीसारखी नारिंगी. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक. कुठली घेऊ?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : आधी घरातला काटा काढा. तो छोटा डिजिटल, केकसाठी हौसेने आणलेला आणि नंतर कपाटाच्या मागे गेलेला. ट्यूब बदलायची म्हणजे आत्ता जी आहे ती किती वजनाची आहे हे तर कळायला पाहिजे ना, आणि दहातले नऊ जण हे न करताच दुकानात जातात. सायकलीबरोबर आलेली २९ इंची साधी ट्यूब असेल तर काटा साधारण २०० ते २४० ग्रॅम दाखवेल. ही झाली ब्युटाइल रबराची, काळी, आपण लहानपणापासून बघतो ती. लाइट म्हणून जी मिळते तीपण ब्युटाइलचीच, फक्त रबर पातळ, साध्याची जाडी ०.९ मिलिमीटरच्या आसपास धरली तर हिची ०.६ च्या आसपास, आणि वजन १३० ते १६० ग्रॅम. तिसरी ती नारिंगी, तिला टीपीयू म्हणतात, थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, म्हणजे रबरच नाही ते, एक प्रकारचं लवचिक प्लास्टिक. ऑस्ट्रियाच्या ट्युबोलिटोची २९ इंची एमटीबी ट्यूब ८५ ग्रॅमची येते, आणि त्यांचीच एस-ट्युबो ४५ ग्रॅमची. ४५ ग्रॅम म्हणजे हातात घेतल्यावर आपण डबी रिकामी तर नाही ना म्हणून परत बघतो.

आता चढावर उडण्याचं. तुम्ही धरा ७५ किलो, सायकल १४, पाणी-बिणी धरून ९० किलो. साधी २२० ची काढून ८५ ची टीपीयू टाकली तर दोन्ही चाकं मिळून २७० ग्रॅम वाचले. ९० किलोत २७० ग्रॅम म्हणजे ०.३ टक्के. एक तास सलग खडा चढ चढलात, आणि सगळा जोर वजन वर न्यायलाच लागतोय असं धरलं, तरी तासाला ११ सेकंद. अकरा! वर पोचल्यावर ताकाचा एक मोठा ग्लास प्यायलात की ते २७० ग्रॅम परत अंगावर.

यावर ग्रुपमधला तो मित्र लगेच म्हणेल, की काका चाकाच्या कडेचं वजन दुप्पट धरतात. बरोबर आहे त्याचं, पण अर्धंच. चाकाच्या कडेचं वजन पुढेही जातं आणि गरगर फिरतंही, म्हणून वेग घेताना ते दुप्पट जड लागतं. सिग्नलवरून निघताना, वळणातून बाहेर पडताना, खडकाळ वाटेवर सारखं थांब-चल करताना तुम्हाला तो हलकेपणा खरंच जाणवेल, मी नाही म्हणत नाही. पण एका लयीत चढताना वेग बदलतच नाही, तिथे १०० ग्रॅम ट्यूबचे काय आणि खिशातल्या किल्ल्यांचे काय, सारखेच. अजून एक फायदा पातळ ट्यूबचा असतो, टायर रस्त्यावर दबतो तेव्हा ट्यूबही दबते-सुटते आणि त्यात थोडी ताकद वाया जाते, पातळ असली की कमी जाते. पण त्याच्यापेक्षा टायर कसला आहे आणि हवा किती आहे याचा हिशेब कितीतरी मोठा. २०१५ मध्ये आपल्या नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी दोघांच्या टीममध्ये रेस ॲक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण केली त्यानंतर नाशकात सायकली वाढल्या ते उत्तमच झालं, पण त्याबरोबर ग्रॅम मोजायचा रोगपण आला, आणि हा रोग ज्याला होतो तो स्वतःच्या पोटाचं वजन कधी मोजत नाही (स्वानुभव).

तर तुमच्यासाठी माझं म्हणणं. पुढच्या चाकात लाइट ब्युटाइल टाका, मागे साधीच राहू द्या. मागच्या चाकावर आपलं वजन जास्त येतं, दगडावर आपटलं की टायर दबून ट्यूब रिमच्या कडेत चिमटते, आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात, साप चावल्यासारख्या. पातळ ट्यूब अशी लवकर चावून घेते. आणि पैसे उरले असतील तर एक टीपीयू घ्या आणि ती चाकात न टाकता सीटखालच्या पाऊचमध्ये ठेवा. हो, पाऊचमध्ये. साध्या २९ च्या ट्यूबचा गुंडाळा मुठीपेक्षा मोठा होतो, अर्धा पाऊच तीच खाते, टीपीयूची घडी गोविंद विड्याएवढी. तिथे ती वर्षभर गप्प पडून राहील आणि ज्या दिवशी लागेल त्या दिवशी पैसे वसूल.

घेताना खोक्यावरचा आकडा बघा पण त्याआधी टायरच्या भिंतीवरचा बघा. २९ x २.२५ च्या शेजारी बारीक अक्षरात ५७-६२२ असं असतं, पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास. ट्यूबच्या खोक्यावर ६२२ पाहिजेच आणि तुमचे ५७ खोक्यावरच्या रुंदीच्या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी पडले पाहिजेत. काही जण मुद्दाम अरुंद ट्यूब घेतात, ७०० x ३५-४३ वाली, तीपण ६२२ चीच असते, ती रुंद टायरमध्ये फुगवून बसवतात आणि ग्रॅम वाचवतात. चालते. पण रबर ताणलं जातं, त्याची गोष्ट खालच्या उत्तरात.

प्रश्न : काका मी कॉलेजला आहे, माझ्याकडे फॅट बाइक आहे, ती एकदम जाड टायरवाली, २६ x ४ इंच. भारी दिसते पण चालवताना जीव जातो 😭 म्हसरूळहून कॉलेज रोडला जाईपर्यंत घाम. एका रीलमध्ये बघितलं की फॅट टायरमध्ये साधी एमटीबीची ट्यूब टाकली की अर्धा किलो कमी होतं. टाकू का? मित्र म्हणतो फुटेल.
— म्हसरूळ

उत्तर : अरे मित्रा, तुझा मित्रपण बरोबर आणि रीलवालापण बऱ्यापैकी बरोबर. फॅट बाइकची ट्यूब एकेक ४०० ते ५०० ग्रॅमची असते, म्हणजे दोन ट्यूबमध्येच जवळजवळ किलो. २६ x २.५ च्या आसपासची ट्यूब घेतली तर ती निम्म्या वजनात येते, आणि ४ इंची टायरमध्ये ती फुगून बसतेसुद्धा, ही युक्ती फॅट बाइक आल्यापासून लोक करतायत, रीलवाल्याने काही शोध लावलेला नाही.

पण रबर काय जादूने वाढत नाही ना. अडीच इंचाची ट्यूब चार इंचात पसरली म्हणजे ढोबळमानाने १.६ पट ताणली, तेवढीच ती पातळ झाली, ०.९ ची असेल तर साधारण ०.५५ उरली. फुगा जास्त फुगवला की कसा पारदर्शक दिसायला लागतो तसं. आता यात एक गंमत आहे जी कोणी सांगत नाही. ट्यूब पंक्चर झाली की आपण हवा काढून, सैल अवस्थेत ठिगळ लावतो. नेहमीच्या टायरमध्ये ट्यूब थोडीच फुगते म्हणून ठिगळ टिकतं. इथे ती दीडपट ताणली जाते, आणि ठिगळ काही तेवढं ताणत नाही. मग कडेने सुटायला लागतं, एक कोपरा उचलला जातो आणि तिथून हळूहळू हवा, सकाळी भरलेली संध्याकाळी निम्मी. आणि वैताग असा की पाण्यात धरून बुडबुडे शोधायला गेलास तर सैल ट्यूबमध्ये एकही बुडबुडा दिसत नाही. मी एकदा असंच एकाच ट्यूबवर तासभर घालवला, बादलीतलं पाणी गार होऊन मुलं आंघोळीची वाट बघतायत आणि मी ट्यूब पिळतोय. शेवटी तिला टायरशिवायच जरा जास्त फुगवलं तेव्हा जुन्या ठिगळाच्या कडेला मोहरीएवढा बुडबुडा आला. म्हणून अशी ताणलेली ट्यूब वापरायची तर पंक्चर झाल्यावर ती फेकायची तयारी ठेव, ठिगळ म्हणजे घरी पोचण्यापुरतं. आणि टाकायच्या आधी टायरच्या आतून टाल्कम पावडर फिरव, नाहीतर ताणताना एका जागी चिकटते, दुसरीकडे जास्त ताणते आणि तिथेच जाते.

अजून एक बघ. बऱ्याच फॅट रिमना वजन कमी करायला मोठी मोठी भोकं असतात आणि त्यावर नुसती कापडी पट्टी असते. पातळ झालेली ट्यूब त्या भोकात पट्टीसकट फुगा काढते. पट्टी जुनी, सैल असेल तर आधी ती बदल.

पण खरं सांगू का, तुझा घाम ट्यूबमुळे येत नाहीये. बाजारातल्या स्वस्त फॅट बाइक स्टीलच्या, १८-२० किलोच्या असतात, त्यातून ४०० ग्रॅम गेले काय राहिले काय. तुझी हवा किती आहे ते बघ. फॅट टायरला वाळूत, चिखलात ८-१० पीएसआय लागते, आणि लोक तेवढ्याच हवेवर डांबरी रस्त्यावर फिरतात, मग टायर रस्त्याला चिकटून चालल्यासारखा घर्र घर्र आवाज करतो. रस्त्यासाठी ती १५-२० पर्यंत ने, टायरच्या भिंतीवर कमाल आकडा लिहिलेला असतो त्याच्या आत राहून. फक्त हे पेट्रोल पंपावर करू नकोस, तिथला माणूस गाड्यांच्या सवयीने ३०-३५ टाकून मोकळा होतो, आणि त्या काट्यावर ८ आणि १५ मधला फरक कळतही नाही. कमी आकडे नीट दाखवणारा छोटा गेज घे. आधी हे करून आठवडाभर चालव. तरी हौस असेलच तर मग ट्यूब बदल, फुकटात जमलं तर कशाला खर्च.

प्रश्न : नमस्कार. मी ऑनलाइन टीपीयू ट्यूब मागवल्या, २७.५ x २.४ साठी. दोन आठवडे मस्त चालल्या. मग मागची पंक्चर झाली, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली, त्याने नेहमीसारखं ठिगळ लावलं, घरी येईपर्यंत परत हवा गेली. तो म्हणतो ताई मालच डुप्लिकेट आहे. मी फसले का?
— गंगापूर रोड

उत्तर : नाही ताई, माल डुप्लिकेट असेलच असं नाही, आणि पंक्चरवाला दादाही तसा निर्दोष आहे, त्याच्यासमोर वस्तूच वेगळी आली. तो काय करतो बघा, ट्यूबचा तो भाग कानशीने खरखरीत करतो, सोल्युशन लावतो, फुंकर मारतो, सुकू देतो, मग ठिगळ दाबतो. ते सोल्युशन नुसता डिंक नाही, ते रबराशी रासायनिकरीत्या जोडलं जातं, म्हणून लहानपणीच्या ट्यूबवर दहा-दहा ठिगळं असायची तरी चालायच्या. टीपीयू हे रबरच नाही, त्याच्याशी ते सोल्युशन जोडलंच जात नाही, वरवर चिकटल्यासारखं दिसतं आणि हवा भरली की सुटतं. वर कानस मारली म्हणजे मुळात कागदासारखा असलेला पापुद्रा अजून खरवडला. त्यामुळे त्या जागेचं आता काय होईल सांगता येत नाही, भोक छोटं असेल तर प्रयत्न करून बघा.

टीपीयूची वेगळी ठिगळं मिळतात, पारदर्शक, स्टिकरसारखी, काहींबरोबर वेगळा गोंद असतो. जागा अल्कोहोलने पुसायची, ते इंजेक्शनच्या आधी पुसायचे स्वॅब मेडिकलमध्ये मिळतात ते एकदम झकास, बोट न लावता सुकू द्यायची, ठिगळ लावायचं आणि अंगठ्याने नीट दाबून धरायचं, हवा लगेच भरायची नाही. पंक्चरवाल्या दादाला पुढच्या वेळी दोन ठिगळं देऊन ठेवा, तोही शिकेल.

आता तुम्ही विचारलं नाही पण सांगतो, कारण टीपीयूत लोक पंक्चरपेक्षा बसवताना जास्त मार खातात. रबरी ट्यूब आपण टायरबाहेर फुगवून कानाशी धरतो ना, सूं आवाज येतो का बघायला, हे टीपीयूला करायचं नाही. आकार येण्यापुरती दोन-चार पंप हवा, बस. बाहेर जास्त फुगवली तर ती एका ठिकाणी फुग्यासारखी वाढते आणि मग परत आत येत नाही, रबरासारखी मूळ मापावर यायची सवय तिला नाही. म्हणूनच तुमच्या २.४ मध्ये महिनाभर राहिलेली ट्यूब काढून उद्या मुलाच्या अरुंद टायरमध्ये टाकायला जाल तर घड्या पडतील. टायर हातानेच बसवा, टायर चढवायची पट्टी म्हणजे लिव्हर मारलीत तर चिमटा बसलाच म्हणून समजा. वाल्वची नळी प्लास्टिकची असते बहुतेकांत, तिच्यावर पंपाचं तोंड तिरकं ओढू नका.

आणि एक महत्त्वाचं, तुमची सायकल डिस्क ब्रेकची आहे का रिम ब्रेकची ते लिहिलं नाहीत. रिम ब्रेक म्हणजे रबरी गुटके रिमलाच घासतात ते. लांब उतारावर, समजा कसारा घाट उतरताना सारखा ब्रेक दाबून ठेवला तर रिम चांगलीच तापते, हात लावून बघा एकदा, आणि टीपीयूला उष्णता सोसत नाही. काही टीपीयू ट्यूबच्या डबीवर फक्त डिस्क ब्रेकसाठी असं स्पष्ट छापलेलं असतं, मघाशी म्हटलेली ४५ ग्रॅमवालीपण त्यातलीच. डबी फेकली नसेल तर आज वाचा.

प्रश्न : आमच्याकडे दिंडोरी साइडला द्राक्षबागा. रोज सकाळी बागेच्या कडेच्या रस्त्याने पंधरा-वीस किलोमीटर सायकल मारतो. टायर २९ x २.१. आठवड्याला एक तरी पंक्चर ठरलेलं, बाभूळ आणि सराटे. वजन कमी करायची लय इच्छा आहे पण हलकी ट्यूब टाकली तर रोजच पंक्चर काढत बसावं लागेल ना? हलकी ट्यूब घेऊन तिच्यात ते पांढरं लिक्विड घातलं तर?
— दिंडोरी तालुक्यातून

उत्तर : भाऊ, तुमचा प्रश्न सगळ्यात आवडला, कारण खरा प्रश्न हाच आहे. नाशकात दोन काटे, एक वजनाचा आणि एक बाभळीचा, आणि दुसरा पहिल्याला विचारत नाही.

सराटा माहीतच आहे तुम्हाला, कसाही पडला तरी एक टोक वर. वेड्या बाभळीचा काटा तर अंगठ्याएवढा लांब, तो टायर, ट्यूब, सगळं भेदून रिमच्या पट्टीपर्यंत जातो, त्याला ०.६ काय आणि ०.९ काय, लोण्यातून सुरी. म्हणजे हलकी ट्यूब टाकल्याने मोठ्या काट्यांची पंक्चर फारशी वाढणार नाहीत, ती तशीही होणारच. वाढतील ती बारीक गोष्टींची, अर्धवट आत शिरलेलं सराट्याचं टोक, छाटणीनंतर बागेच्या कडेला पडलेले तारेचे तुकडे, हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून निघालेल्या केसासारख्या तारा. ही टोकं टायरमध्ये मिलिमीटरभर आत येऊन थांबतात, जाड ट्यूब त्यांच्यावर बरेच दिवस काढते, पातळ ट्यूब दुसऱ्याच दिवशी जाते.

मी स्वतः हे भोगलंय. एकदा नवीन लाइट ट्यूब टाकून मोठ्या तोऱ्यात अंजनेरीच्या पायथ्याकडे गेलो, सकाळी दोनदा पंक्चर, दोन्ही मागच्या चाकात. दुसऱ्यांदा गुरांना पाणी पाजायच्या हौदात ट्यूब बुडवून बघतोय, म्हैस माझ्याकडे बघतेय, आणि भोक अगदी पहिल्याच ठिगळाच्या शेजारी, बोटभर अंतरावर. म्हणजे काटा टायरमध्ये तसाच होता आणि मी शहाण्याने ट्यूब काढली, ठिगळ लावलं, परत त्याच काट्यावर बसवली. टायरच्या आतून बोट फिरवून काही लागत नव्हतं. मग टायर उलटा करून, दुमडून, उन्हात धरला तेव्हा काळ्या रबरात एक फिकट ठिपका दिसला, नेलकटरने ओढून काढला, तांदळाच्या कणीएवढा. तेव्हापासून माझ्या पाऊचमध्ये नेलकटर असतोच आणि ट्यूब काढताना ती टायरमध्ये कशी बसली होती तशीच शेजारी धरून ठेवतो, वाल्वपासून भोक किती वितीवर आहे तेवढ्याच वितीवर टायरमध्ये शोधायचं.

आता लिक्विड. सीलंट म्हणतात त्याला, ट्यूबमध्ये घालता येतं, पण त्यासाठी वाल्वच्या आतला भाग फिरवून निघणारा पाहिजे, घेताना तसं विचारून घ्या. बारीक काट्यांची भोकं ते जागच्या जागी बुजवतं, फरक पडतो. पण हिशेब करा ना जरा, २९ च्या एका ट्यूबला ८०-१०० मिली तरी घालावं लागतं, आणि ते वजनाला साधारण पाण्यासारखंच, म्हणजे ८०-१०० ग्रॅम. लाइट ट्यूब घेऊन जे ७०-८० ग्रॅम वाचवले ते बाटलीतून परत ओतले. मग वजन कमी केलं असं म्हणायचं कशाला, साध्याच ट्यूबमध्ये सीलंट घाला, टिकेल तरी. आणि ते काही महिन्यांत सुकतं, आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात तर अजूनच लवकर, त्यामुळे दिवाळीला घातलं म्हणून पुढच्या दिवाळीपर्यंत निश्चिंत असं नाही. टीपीयूत सीलंट घालायच्या भानगडीत पडू नका, बनवणाऱ्याने डबीवर चालेल असं लिहिलेलं नसेल तर.

तुमच्यासाठी खरं उत्तर ट्यूबलेस आहे, म्हणजे आत ट्यूबच नाही, टायरमध्येच हवा आणि सीलंट. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेससाठी बनवलेले असतील तरच हं, जुन्या रिमवर जुगाड करू नका. ट्यूबचे २०० ग्रॅम गेले, सीलंटचे १०० आणि टेप-वाल्वचे थोडे आले, म्हणजे वजनात चाकामागे ८०-९० ग्रॅमचाच फायदा, त्यासाठी कोणी करत नाही. करतात ते यासाठी, की सराटा घुसतो, जरा फुस्स होतं, पांढरा थेंब बाहेर येतो आणि तुम्ही पुढे निघून जाता, काटा संध्याकाळी घरी येऊन सावकाश काढायचा. हवापण कमी ठेवता येते, चिमटायला आत ट्यूबच नाही. माझ्या ओळखीत बागेच्या रस्त्याने फिरणारे जे कोणी एकदा तिकडे गेले ते परत ट्यूबवर आले नाहीत. आणि मोठा चिरा पडलाच तर आत टाकायला एक ट्यूब सोबत लागतेच, ती मात्र हलकी घ्या. टाकण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून सगळे काटे काढायचे, कारण ट्यूबलेसमध्ये महिनोन्‌महिने अडकून बसलेली दहा-बारा टोकं आत असतात आणि ती त्या बिचाऱ्या नव्या ट्यूबचीच वाट बघत असतात.

आता फटाफट तीन.

प्रश्न : लॅटेक्सची ट्यूब सगळ्यात वेगवान असते म्हणतात, रुंद टायरसाठी घ्यावी का? — पंचवटी

उत्तर : वेगवान असते, ताणायला फार मऊ, रेसवाले अजून वापरतात. पण रुंद मापात सहज मिळत नाही, आणि तिच्यातून हवा झिरपते, रात्री भरली तर सकाळी टायर मऊ. पूर्वी सगळ्याच ट्यूब नैसर्गिक रबराच्या होत्या आणि सगळ्यांची हीच रड होती, १९३७ मध्ये अमेरिकेत स्टँडर्ड ऑइलच्या प्रयोगशाळेत ब्युटाइल रबर सापडलं, ते हवा धरून ठेवतं, म्हणून आज आपण पंधरा-पंधरा दिवस पंपाला हात लावत नाही. तुम्हाला रोज सकाळी गोदाघाटावर जायच्या आधी हवा भरायची हौस असेल तर घ्या बापडे.

प्रश्न : २९ साठी ट्यूब मिळाली नाही, दुकानदार २७.५ ची देतोय, म्हणतो ताणून बसेल. — नाशिकरोड

उत्तर : बसेल, अडल्यावेळी मीपण बसवलीय, घरी येईपर्यंत काही झालं नाही. पण ती अडल्यावेळचीच. पैसे मोजून दुकानातून नवीन घेताना चुकीच्या मापाची कशाला घ्यायची? दुसऱ्या दुकानात जा.

प्रश्न : लाइट ट्यूब फक्त बारीक फ्रेंच वाल्वमध्ये मिळतेय, माझ्या रिमचं भोक मोटरसायकलसारख्या जाड वाल्वचं आहे. चालेल? — अंबड

उत्तर : चालेल, पण तशीच टाकू नका. जाड वाल्वचं भोक साडेआठ मिलिमीटरचं, फ्रेंच म्हणजे प्रेस्टा वाल्वचं साडेसहाचं, मधल्या फटीत वाल्व डुगडुगतो आणि मुळाशी ट्यूब फाटते, आणि मुळाशी फाटलेल्या ट्यूबला ठिगळ लागत नाही. त्यासाठी छोटी रबरी किंवा धातूची बुशिंग मिळते, भोकात बसवायची, मग वाल्व घालायचा. वाल्ववरचा नट घट्ट आवळायचा नाही, हाताने टेकवायचा. आणि पेट्रोल पंपावर हवा भरायची असेल तर त्या बारीक वाल्ववर लावायला पितळी ॲडॅप्टर लागतो, दोन घ्या, कारण पहिला हरवतोच, मी माझा दुसरा पंपाच्या नळीला सेलोटेपने चिकटवून ठेवलाय.